पान एक्केचाळीस, चौकट तीन

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज महेंद्रचा फोन आला. महेंद्र मूळचा दापोलीचा. पुण्यात दोन खोल्या घेऊन स्वतःच्या हिमतीवर कॉमिक्स छापतो. गेली चार वर्षं त्याच्या बहुतेक पुस्तकांतली अक्षरं मी काढते.

"तस्नीमताई, मे महिन्यात मुंबईला कॉमिक्सची जत्रा आहे. त्यात एक नवीन पुस्तक आणतोय. अठ्ठेचाळीस पानं. लेटरिंग तुम्हीच करायचं, अशी चित्रकाराची अट आहे."

"अट घालणारा एवढा मोठा चित्रकार कोण?"

"तुमची मुलगी."

परवाच मी मुंबईला झरीनशी फोनवर बोलले होते. जेवलीस का, खोलीत पाणी येतं का, दादीचे गुडघे कसे आहेत, एवढंच. पुस्तकाचं तिने काही सांगितलं नाही. मी महेंद्रला लगेच हो म्हटलं आणि मग दिवसभर विचार करत राहिले. आईला काम मिळावं म्हणून तर नाही ना? पण दया करणारा माणूस विनंती करतो, अट घालत नाही. उगाच शब्दांचा कीस काढत बसण्याची माझी सवय.


१४ जानेवारी, मंगळवार

पानं आली. पुस्तकाचं नाव 'जेट्टी'. आमच्या राजिवड्यात राहणारी नूर नावाची मुलगी, तिची आई, आणि बहरीनला टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, काम करणारे तिचे अब्बा. नूरला चित्रकला शिकायला मुंबईला जायचंय, अब्बा म्हणतात फार्मसी कर. भांडण. नूर फोन घेणं बंद करते. मग रागाच्या भरात अब्बांचं वेडंवाकडं चित्र काढते, भलंमोठं नाक आणि तोंडातून निघालेला 'फार्मसी!' असा फुगा, आणि ते त्यांना मोबाइलवर पाठवते. थोड्या दिवसांनी अब्बा तिकडेच वारतात.

यात बनवलेलं काहीच नाही. नूरच्या जागी झरीन ठेवली की आमचं २०१९ साल होतं. माझा नवरा हाशिम गेला तेव्हा झरीन अठराची होती. त्याला तिकडेच दफन केलं. आमच्याकडे कबरीचा मोबाइलवरचा एक फोटो आहे.

आईचं नाव पुस्तकात कुठेच नाही. पण चष्मा माझा आहे, आणि ती प्रत्येक चौकटीत काहीतरी पुसते आहे. टेबल, कप, चष्मा, पाटी. मी सासूबाईंना विचारलं, "मी इतकं पुसते का हो?"

"पुसतेस म्हणजे? परवा माझ्या कपात अजून चा होता गो, तो पण उचलून पुसलास," त्या म्हणाल्या.

अब्बांचं नाक झरीनने सगळ्या पुस्तकभर मोठं काढलंय. नुसतं त्या रागाच्या चित्रातच असं नाही. खूपच मोठं. मी त्यावर काही कळवलं नाही.


२२ जानेवारी, बुधवार

अकरा पानं झाली.

मी हातानेच लिहिते, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर पेन फिरवून. झरीन चित्रं पाठवते ती थरांत असतात. खाली चित्र, वर फुग्यांचा वेगळा थर. त्यावर माझा अक्षरांचा. देवनागरीला फुगा नेहमीच अपुरा पडतो. वर वेलांटी, खाली उकार, बाजूला काना. म्हणून लिहिणाऱ्याच्या संवादातून दोन-चार शब्द मी काढते आणि विचारून घेते. लोक म्हणतात तस्नीमताईंनी छाटलं की वाक्य बरं होतं. त्याचा मला अभिमान वाटतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

बाबा, म्हणजे माझे वडील गुलाम रसूल, होड्यांवर नावं रंगवायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की त्यांचं काम सुरू. मी रंगाचा डबा धरून उभी. म्हणायचे, "जवळून कोण पण वाचील. लांबून वाचता आलं पाहिजे." पुढे मी बी.ए. झाले, लग्नपत्रिकांच्या छापखान्यात बसले, पुढे हे काम मिळालं, पण शिकवणी तीच.

आज पान अकरा. नूर सहलीला निघते तेव्हा आई म्हणते, "जा, पण पोचलीस की फोन कर, आणि रोज कर, आणि नाही केलास तर मला भीती वाटते हे लक्षात ठेव." मी केलं, "जा. पोचलीस की फोन कर." झरीनला पाठवलं. तिचं उत्तर, "चालेल. तू असंच बोलतेस."


६ फेब्रुवारी, गुरुवार

पान एक्केचाळीस. चार चौकटी. पहिलीत टगच्या कठड्याला टेकून अब्बा मोबाइलवर ते चित्र बघताहेत. दुसरीत घरी फोन लावताहेत. तिसरीत बोलताहेत. चौथीत आई फोन कानाला लावून पाठमोरी.

तिसऱ्या चौकटीत फुगा काढलाय. मोठा, जवळजवळ निम्मी चौकट व्यापणारा. शेपटी नीट अब्बांच्या तोंडाशी. आत काही नाही. संवादाच्या कागदावर 'चौकट ३, अब्बा:' आणि पुढे कोरं.

घाईत राहिलं असेल. पुढची पानं करून टाकते.


१९ फेब्रुवारी, बुधवार

सगळं पुस्तक झालं, तो एक फुगा सोडून. झरीनला नेहमीच्या पद्धतीने कळवलं. 'पान ४१, चौकट ३, संवाद मिळाला नाही.'

दुपारी उत्तर आलं. 'तो तू लिही, अम्मी.'

मी लिहिलं, 'संवाद लेखकाने द्यायचे असतात. लेटरिंग करणाऱ्याने मनाचं घालायचं नसतं.'

ती, 'मनाचं नको. ते जे बोलले ते लिही. फोन तू घेतला होतास.'

मी मोबाइल पालथा ठेवला आणि ओटा पुसला. पुसताना मला पुस्तकातली आई आठवली. तरी पुसला.

त्या फोनबद्दल मी या वहीत कधी लिहिलेलं नाही. त्या वर्षीची वही कपाटात आहे. मघाशी काढून बघितली. १७ मेच्या पानावर लिहिलंय, 'जुम्यानंतर हाशिमचा फोन. बरा आहे.' झरीनलाही मी तेव्हा तेवढंच सांगितलं होतं. वहीतसुद्धा छाटून लिहिलं मी.


११ मार्च, मंगळवार

रोजे चालू आहेत. दुपारी डोकं शांत असतं म्हणून पान एक्केचाळीस उघडते.

पहिला मसुदा: 'मी बरा आहे. सगळ्यांना सलाम सांग.' फुग्यात छान बसलं. आणि खोटं आहे. म्हणजे हे तो बोललाच होता, पण एवढंच लिहिलं तर खोटं होतं.

दुसरा: 'पोरीला सांग, मी रागावलो नाही.' हे त्याचं बोलणंच नाही. हाशिम असं सिनेमातल्यासारखं कधी बोलला नाही.

तिसरा खरा होता. दोन ओळी लिहिल्या आणि हात थांबला. तिसरी ओळ लिहिली की झरीन विचारणार, मग मला का नाही सांगितलंस? पुसलं.

महेंद्रला फोन करून म्हटलं, एक फुगा अडलाय, मुदत कधीपर्यंत? "सहा एप्रिल, ताई. त्यानंतर छापखानेवाला माझ्या नावाने शिव्यांचं लेटरिंग करील," असं म्हणून हसला.

झरीन ईदला येते आहे. समोर बसवून सांगेन. तोंडाने सांगितलं की मग लिहायला काही अडचण नाही. ठरलं.


३१ मार्च, सोमवार

ईद.

झरीन काल आली. केस कापून पोरासारखे केलेत. सासूबाई म्हणाल्या, "हे काय गो बाय? हर्ण्याच्या मासळीच्या लिलावात उभी राहिलीस तर लोक तुला खलाशी समजून जाळं ओढायला लावतील."

"लावू दे दादी. सुकट फुकट मिळेल."

"फुकट? हर्ण्यात? माझ्या माहेरात कोणी मेलेली मांदेली पण फुकट दिलेली नाही."

खूप हसलो. शिरखुर्मा, सांदणं, येणारे-जाणारे. झरीनने माझ्या टेबलावर बसून सगळी पानं पाहिली. म्हणाली, "तुझं अक्षर बघितलं ना, की मला आवाज ऐकू येतात अम्मी. फॉन्टमध्ये सगळे एकाच आवाजात बोलतात." हे वाक्य जसंच्या तसं इथे लिहून ठेवते आहे.

मग ती एक्केचाळीस पानावर थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "खुर्मा आणखी देऊ?"

"दे."

वाटी भरून आणेपर्यंत शेजारची मंडळी आली.


२ एप्रिल, बुधवार

काल दिवसभर आम्ही दोघी घरात होतो. सासूबाई नातलगांकडे गेल्या होत्या. सांगायला याहून बरी वेळ असूच शकत नव्हती. मी कपाट आवरायला काढलं. झरीन मदत करत होती. हाशिमचा एक जुना शर्ट निघाला. ती म्हणाली, "अम्मी, अब्बांनी ते चित्र बघितलं होतं का गं? नक्की?"

"बघितलं असेल."

"असेल म्हणजे?"

"तू पाठवलं होतंस ना. मग बघितलंच असेल."

तिने शर्टाची घडी केली, मोडली, परत केली. मी तिच्या हातातून घेऊन नीट केली.

आज स्टेशनला सोडायला गेले. गाडी उशिरा होती. बाकावर बसलो होतो. तिने विचारलं, "एक्केचाळीस होईल ना?"

"होईल."

"घाई नाही. सहा तारखेपर्यंत वेळ आहे." आणि मग माझा हात धरला. मोठी झाल्यापासून तिने कधी धरला नव्हता. म्हणाली, "काहीही असलं तरी चालेल. ते शिव्या देत असले तरी तसंच लिही. मला फक्त 'माहीत नाही' हे नकोय."

मी म्हटलं, "डब्यात सांदणं दिलीत, आजच खा. उद्यापर्यंत टिकणार नाहीत."


६ एप्रिल, रविवार

फाइल पाठवली.

नीट लिहून ठेवते. सकाळपासून चार वेळा पान उघडलं. दुपारी महेंद्रचा मेसेज, 'ताई, वाट बघतोय.' तेव्हा मी तिसरी चौकट मोठी करून पाहिली. अब्बांचा चेहरा फार सुंदर काढलाय तिने. डोळे हसताहेत. मला वाटलं, या चेहऱ्याला शब्दांची गरजच नाही. रिकामा फुगा छापायचा नाही हा आमच्या कामातला साधा नियम आहे. वाचणाऱ्याला ती चूक वाटते. संवाद नसेल तर फुगा काढून टाकायचा आणि चित्राला बोलू द्यायचं. मी अनेक पुस्तकांत असं केलंय आणि लोकांनी नावाजलंय.

फुगा वेगळ्या थरावर होता. काढला तर खाली समुद्र पूर्ण रंगवलेला होताच. काही डाग राहिला नाही.

चौकट खरंच छान दिसते. झरीनलाही पटेल असं वाटतं. तिला मी आधी विचारायला हवं होतं का? प्रत्येक शब्द छाटताना विचारते. या वेळी विचारलं नाही. वेळ नव्हता, असं लिहिणार होते, पण विचारायला एक मिनिट पुरलं असतं.


३ मे, शनिवार

पुस्तकाच्या पाच प्रती आल्या. कागद चांगला, काळा रंग खोल आलाय. आत 'अक्षरं: तस्नीम' असं स्वतंत्र ओळीत छापलंय. सासूबाईंनी चष्मा लावून माझं नाव बोटाने वाचलं आणि मग हाशिमचं चित्र शोधून बराच वेळ बघत बसल्या.

आज जत्रेचा पहिला दिवस. झरीनला प्रती काल रात्रीच मिळाल्या असतील. फोन नाही. गर्दीत असेल.


४ मे, रविवार

झरीनचा फोन. सकाळी दहा-साडेदहाला. मागे लोकांचा आवाज.

"अम्मी, पान एक्केचाळीस."

"हो."

"फुगा कुठे गेला?"

"रिकामा होता, झरीन. रिकामा छापत नाहीत. काहीतरी राहिलंय असं वाटतं."

"राहिलंच होतं ना!"

मग हळू बोलायला लागली, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"महेंद्रदादा म्हणाला होता, फॉन्ट वापरू, दोन दिवसांत होईल. मीच नाही म्हटलं. मला अक्षरं नको होती अम्मी. मला ते एक बोलणं हवं होतं. तू तोंडाने सांगणार नाहीस हे मला माहीत होतं. म्हटलं, हाताने लिहील. तिचं कामच आहे ते. सगळं पुस्तक त्या एका चौकटीसाठी काढलं मी."

"तसं नाही गं..."

"मग कसं? सांग ना. आता सांग."

मी उभी होते. हातात ओलं फडकं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "तू गर्दीत आहेस, नंतर बोलू."

ती म्हणाली, "सहा वर्षं मला वाटत होतं, ते चित्र बघून ते रागात गेले. तरी वाटायचं, काहीतरी बोलले असतील. फुगा असेल. तू फुगाच काढलास. म्हणजे चित्रावर काही बोललेच नाहीत. ठीक आहे. मिळालं मला उत्तर."

फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही. दुपारी चार वेळा लावला.


७ मे, बुधवार

महेंद्रचा फोन. झरीनने जत्रेत सही करून प्रती विकल्या, पण एक्केचाळीस पान उघडून कोणी काही विचारलं तर उठून जात होती. "ताई, मी पण बघायला हवं होतं. मला वाटलं तुम्ही दोघींनी ठरवलंय." मग म्हणाला, "शुद्धिपत्रक घालू का? छोटी चिठ्ठी. पान एक्केचाळीस, चौकट तीन, अमुक संवाद वाचावा."

कुठला संवाद, हे त्याने विचारलं नाही. भला माणूस आहे. मी म्हटलं, नको.

झरीन माझे फोन घेत नाही. सासूबाईंचे घेते. त्या बोलत असतात तेव्हा मी समोर बसते. आज त्यांनी फोन ठेवल्यावर विचारलं, "तुमचं काय बिनसलंय?" मी म्हटलं, पुस्तकात एक चूक झाली माझ्याकडून.

"चुकीला एवढं?" त्या म्हणाल्या.


१७ मे, शनिवार

आज सहा वर्षं झाली त्या फोनला. आता लिहिते. छाटणार नाही.

शुक्रवार होता, रमजानचा. दोन वाजून गेले होते. हाशिमचा फोन आला. मी बरा आहे, सगळ्यांना सलाम सांग, असं म्हणून झाल्यावर म्हणाला, "झरीनला दे."

मी म्हटलं, "ती घरात नाही. मैत्रिणीकडे गेलीय."

झरीन आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं. ती पेन्सिलीला टोक काढत होती, त्या छोट्या यंत्राची करकर मला ऐकू येत होती. हाशिमलाही ती ऐकू गेली असेल का, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारते आहे. त्याने विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं?

तो थांबला आणि मग हसला. म्हणाला, "तिला सांग, नाक फार मोठं काढलंस. पण माणूस मीच आहे. इथे सगळ्यांना दाखवलं, कॅप्टन तर पोट धरून हसला. आता मला सगळे फार्मसी म्हणूनच हाक मारतात. ज्या पोरीला रागात पण बापाचं नाक एवढं जमतं, तिला गोळ्या मोजायला बसवून काय करू? जाऊ दे तिला मुंबईला. आणि सांग, फोन करायला लाजू नको म्हणावं. मी पण लाजतोच आहे."

मी म्हटलं, "सांगते."

रविवारी तो गेला. टगवरच, छातीत दुखून.

शुक्रवार दुपार ते रविवार. मी का सांगितलं नाही? आजवर स्वतःला सांगत आले की झरीननेच सकाळी बजावलं होतं, अब्बांचा फोन आला तर मला देऊ नको. हे खरं आहे. असंही सांगत आले की तिने आधी स्वतःहून माफी मागावी, मग सांगू, असा माझा विचार होता. हेही थोडं खरं आहे.

पण तो 'जाऊ दे तिला' म्हणाला तेव्हा मला पुढचं दिसायला लागलं. तो तिकडे, ती मुंबईला, आणि या घरात मी आणि सासूबाई. मला ती जायला नको होती. म्हटलं, चार दिवस जाऊ देत. निकाल लागू दे. इथल्या कॉलेजचा फॉर्म भरून होऊ दे.

मग तो गेल्यावर कसं सांगणार? अब्बांनी तुला माफ केलं होतं, तुला बोलावत होते, तू भिंतीपलीकडे होतीस आणि मी नाही म्हटलं, हे कसं सांगणार? जूनमध्ये मी तिला म्हटलं, "जा मुंबईला, मी बघते." ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "अब्बांना आवडलं नसतं ना?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्याने दिलेली परवानगी मी माझी म्हणून दिली. आणि ती सहा वर्षं बापाच्या मर्जीविरुद्ध चित्रं काढते आहे असं समजून काढते आहे.

झरीनला माझ्या अक्षरांतून आवाज ऐकू येतात. त्याचा आवाज तर मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. तरी त्याच्या तोंडाशी आलेला फुगा मीच काढून टाकला.


२० मे, मंगळवार

एक प्रत घेतली. पान एक्केचाळीस. छापलेल्या कागदावर लिहायचं म्हणजे पुसता येत नाही. बाबा होड्यांवर लिहायचे तसंच. आधी वेगळ्या कागदावर मांडून पाहिलं.

दुसऱ्या चौकटीत जागा सापडली. तिथे अब्बांना छोटा फुगा दिला, 'झरीनला दे.' पुस्तकात ती नूर आहे, पण तो नूर म्हणाला नव्हता. आणि चौकटीच्या बाहेरून, घराकडून येणारी शेपटी काढून, 'ती घरात नाही. मैत्रिणीकडे गेलीय.'

मग तिसरी. हाशिमचं बोलणं मोजलं. पन्नासाच्या वर शब्द. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपलीकडे जायचं नाही हे मी नव्या पोरांना शिकवते. सवयीने कॅप्टनचं वाक्य काढून पाहिलं. मग फार्मसीचं. शेवटी लाजण्याचं. प्रत्येक वेळी तो थोडा कमी हाशिम झाला. परत सगळं घातलं.

फुगा चौकटीत मावेना. चौथ्या चौकटीत गेला. तिथे आई पाठमोरी उभी आहे, फोन कानाला लावून. तिचं डोकं आणि खांदे फुग्याखाली गेले. फक्त फोन धरलेला हात उरला. जाऊ दे म्हटलं, आणि छापलेल्या पानावर पांढऱ्या रंगात फुगे काढून वर शाईने लिहिलं.

शाई वाळल्यावर सासूबाईंना नेऊन वाचून दाखवलं. सगळं. माझं वाक्यसुद्धा. त्या आधी हसल्या. "नाक त्याच्या बापाचं होतं मेल्याचं. लाजतो म्हणे!" मग पदराने तोंड झाकलं. मी पाणी आणलं तर घेतलं नाही.

"माझ्या लेकाचं हसणं होतं ते," त्या म्हणाल्या. "मला पण नाही दिलंस गो तू."

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.


२२ मे, गुरुवार

पोस्टात जाऊन पार्सल केलं. आत चिठ्ठी लिहावी का, या विचारात अर्धा तास बाकावर बसले. लिहिली नाही. पानात खुणेला दोरा ठेवलाय.


२७ मे, मंगळवार

पोस्टाच्या साइटवर आज 'पोचले' असं दाखवतंय.

फोन नाही. सासूबाईंनी दुपारी लावून पाहिला, त्यांचाही उचलला नाही.


२ जून, सोमवार

बांगडे साफ करत होते. मोबाइल वाजला. हात धुऊन बघितलं. झरीनचा मेसेज. महिन्याने.

'त्या शुक्रवारी मी कुठे होते?'

मी बसले आणि लिहायला लागले. 'घरात होतीस. आतल्या खोलीत. पेन्सिलीला टोक काढत होतीस. पण तूच सकाळी म्हणाली होतीस की फोन देऊ नको, आणि मला वाटलं दोन दिवसांत तू शांत होशील, आणि मी सांगणारच होते, आणि मला तू जाशील याची...' पडदा भरला तरी लिहीतच होते.

मग थांबून वाचलं. 'पण'पासून पुढचं सगळं काढून टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं छाटली, आज माझ्या सबबी.

'घरात होतीस. आतल्या खोलीत. पेन्सिलीला टोक काढत होतीस.' एवढं पाठवलं.

दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. नावाखाली 'टाइप करत आहे' असं आलं. गेलं. परत आलं. परत गेलं.

सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "काय म्हणते पोर?"

म्हटलं, "वाचलं तिने."